सूर्यास्ताच्या चित्रात बर्फ पांढरा ठेवू नका

प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण फिनलंडमधल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलाचा हिवाळ्यातला फोटो आहे. सूर्य झाडांमागे टेकलेला, पुढे बर्फ. हे दृश्य जलरंगात ११ × १५ इंचांवर, म्हणजे क्वार्टर इम्पिरियलवर करताना तीन गोष्टी बिघडतात. आकाशात पिवळा आणि निळा भेटतात तिथे हिरवट-मातकट पट्टा येतो. बर्फ एकतर खडूसारखा कोरा राहतो नाहीतर मळका होतो. आणि झाडं कात्रीनं कापून चिकटवल्यासारखी दिसतात. कागद, रंग आणि कामाचा क्रम सविस्तर हवा आहे.

या तीन तक्रारींपैकी मूळ चूक बर्फाची आहे. उरलेल्या दोन तिच्या मागून येतात. बर्फ म्हणजे पांढरा, म्हणून कागद कोरा राखायचा, असं मनात धरूनच सुरुवात होते. पण सूर्य समोर असताना चित्रातली सर्वांत उजळ जागा आकाशात असते, जमिनीवर नाही. मावळतीची किरणं बर्फाला जवळजवळ घासून जातात. उंचवट्यांची आपल्याकडची बाजू सूर्याला पाठमोरी असते, तिला उजेड मिळतो तो फक्त डोक्यावरच्या निळ्या आकाशाचा. म्हणजे पुढचा बर्फ बऱ्यापैकी गडद आणि निळा-जांभळा असतो. तो कोरा ठेवला की आकाश त्याच्यापेक्षा काळवंडलेलं दिसायला लागतं. मग सूर्यास्त दिसावा म्हणून आपण आकाशात रंग चढवत जातो, पिवळ्यावर निळा जातो, हिरवा होतो. एवढ्या कोऱ्या बर्फापुढे झाडं उठून दिसावीत म्हणून ती काळी करतो, आणि ती चिकटवलेली दिसतात.

म्हणून रंगांच्या आधी टोन ठरवा. कोरा कागद १ आणि सर्वांत गडद १० धरा. सूर्य आणि त्याच्या लगतची कडी १, तिच्याभोवतीचं आकाश २, आकाशाचा वरचा भाग ४. बर्फावर जिथे तिरपा उजेड घासतो तो भाग ३, सावलीतला बर्फ ५. लांबचं जंगल ५, मधलं ७, अगदी पुढची खोडं ९. दहाची गरज पडत नाही. सावलीतला बर्फ आणि लांबचं जंगल एकाच टोनचे, हे वाचताना पटत नाही. पण डोळे बारीक करून फोटो बघितला तर दोन्ही एकमेकांत मिसळलेले दिसतात, फरक असतो तो रंगाचा. काड्यापेटीएवढ्या दोन-तीन चौकटींत ४बी पेन्सिलीनं हे टोन भरून बघा. दहा मिनिटांचं काम आहे आणि अख्खं चित्र त्यावर उभं राहतं.

फोटोवर मात्र फार विसंबू नका. सूर्य चौकटीत आला की कॅमेरा एकतर बर्फ काळाकुट्ट करतो, नाहीतर मोबाइल स्वतःची हुशारी वापरून सावल्या उजळवतो आणि बर्फ दुपारसारखा दिसतो. ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यानं आपोआप केलेली रंगदुरुस्ती, तर सावलीतला निळाच खाऊन टाकते. फोटोतून झाडांची जागा, उंची, गर्दी घ्यायची. टोन आणि रंग आपण ठरवायचे.

सावल्यांची दिशा हा भाग बहुतेकजण अंदाजानं उरकतात. हेलसिंकीत डिसेंबरअखेर भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजावर साडेसहा अंशांच्या आसपासच चढतो. त्या कोनात २० मीटर उंच झाडाची सावली पावणेदोनशे मीटर लांब पडते. सूर्य आणखी उतरला की त्याहून लांब. त्यामुळे पुढच्या झाडांच्या सावल्या चित्राच्या खालच्या कडेबाहेर जायलाच हव्यात. बुंध्यापाशी दोन इंचांत संपणारी सावली म्हणजे आपल्याकडची दुपार. दिशा काढायची सोपी रीत: सूर्यापासून सरळ खाली क्षितिजरेषेवर एक बिंदू घ्या. त्या बिंदूपासून प्रत्येक बुंध्यातून जाणारी रेघ ओढा. सावली त्याच रेघेवर, आपल्याकडे येताना रुंदावत जाणार. सूर्याच्या डावीकडच्या झाडांच्या सावल्या डावीकडे कलतात, उजवीकडच्या उजवीकडे, बरोबर खालची सरळ आपल्या अंगावर येते. सगळ्या सावल्या समांतर काढल्या की सूर्य चित्रातून निघून जातो, मग तो कितीही सुंदर रंगवलेला असो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडच्या अनेकांचे संदर्भफोटो मनालीच्या सहलीतले असतात. तिथे सूर्य क्षितिजावर मावळत नाही, डोंगराच्या धारेमागे जातो. दरीतलं देवदाराचं जंगल आधीच निळ्या सावलीत बुडतं आणि उजेड उरतो तो वरच्या शिखरांवर. मनालीचे देवदार, खाली नारिंगी सूर्य आणि बर्फावर लांब सावल्या, असं जोडकाम केलं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. झाडांचा आकारही वेगळा. देवदाराच्या फांद्या आडव्या थरांनी पसरतात. फिनलंडचा स्प्रूस अरुंद सुळक्यासारखा, बर्फाच्या ओझ्यानं फांद्या खाली झुकलेल्या. दोन्ही दृश्यं सुंदर आहेत, फक्त एकाच कागदावर नकोत.

कागद जाड, ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरबरीत. यात काटकसर करू नका, हवं तर रंग विद्यार्थी दर्जाचे घ्या. या चित्राचं निम्मं काम ओल्यावर ओलं, म्हणजे ओल्या कागदावर ओला रंग, असं आहे, आणि साध्या सेल्युलोज कागदावर पाणी वरच्यावर राहून अचानक वाळतं, मधल्या ओलसर अवस्थेला वेळच देत नाही. पातळ कागद फुगतो, खळग्यांत रंग साचतो आणि तिथेच डाग पडतो. हातकागदाचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू नये म्हणून दिलेली खळ, सगळीकडे सारखं असेलच असं नाही, त्यामुळे एखाद्या कोपऱ्यात रंग ब्लॉटिंग पेपरसारखा शोषला जातो. कागद पाटीवर चारही बाजूंनी मास्किंग टेपनं नीट दाबून बसवा.

रंग चार पुरतात: न्यू गॅम्बोज, क्विनाक्रिडोन रोझ, फ्रेंच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. शिवाय पांढऱ्या गॉशची, म्हणजे अपारदर्शक जलरंगाची, एक ट्यूब, अगदी शेवटासाठी. ट्यूबवर बारीक अक्षरात पिगमेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, क्रमांक असतो, तो बघायची सवय ठेवा. रोझसाठी पीव्ही १९ हवा. अलिझरिन क्रिमझनचा जुना पीआर ८३ उजेडात उडतो, आणि ऑपेरा पिंकची झगमगही टिकत नाही, दोन्ही टाळा. अल्ट्रामरीन पीबी २९ असतो. तो जरा रवाळ बसतो आणि सावलीतल्या बर्फाला हा रवाळपणा फार शोभतो. शिवाय वाळल्यावर ओल्या ब्रशनं बराचसा उचलता येतो. थॅलो ब्लू कागदात मुरतो आणि उचलत नाही, म्हणून इथे नको.

आता हिरव्या पट्ट्याचं कारण. विद्यार्थी संचात हटकून असणारे लेमन यलो आणि प्रशियन ब्लू दोघेही हिरव्याकडे झुकलेले आहेत, त्यांच्या भेटीतून पोपटी निघणारच. न्यू गॅम्बोज नारिंगीकडे झुकतो, अल्ट्रामरीन जांभळ्याकडे, त्यामुळे धोका कमी होतो. पण संपत नाही. खरा उपाय असा की पिवळा आणि निळा यांची गाठच पडू द्यायची नाही. दोघांच्या मध्ये गुलाबीचा चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टा हवा. पिवळ्याच्या बाजूला तो पीच होतो, निळ्याच्या बाजूला जांभळा, आणि दोन्ही मिश्रणं स्वच्छ राहतात.

रंगाची दाटी सांगायला स्वयंपाकघरातली मापं बरी पडतात: कोरा चहा, दूध, बासुंदी, लोणी. कागद जेवढा ओला, त्याच्यापेक्षा ब्रशमधला रंग दाट असायला हवा, हा एकच नियम पाळला तरी निम्मे अपघात टळतात. ओलसर कागदावर त्याहून पातळ रंग टेकवला की पाणी आधीच्या रंगाला ढकलतं आणि फुलकोबीसारख्या कडा उमटतात.

कामाला बसण्याआधी पॅलेटवर तीन मोठी डबकी तयार ठेवा. गॅम्बोज चहासारखा, रोझ चहा आणि दुधाच्या मधला, अल्ट्रामरीन दुधासारखा. प्रत्येकी दोन-तीन चमचे तरी हवा. कागद ओला असताना रंग संपला आणि नवा कालवायला बसलात की वेळ हातची गेली. पाण्याची भांडी दोन ठेवा. एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातून स्वच्छ पाणी घ्यायचं. बर्फ मळका होण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे गढूळ पाणी, आणि त्याचा संशय कुणालाच येत नाही.

पेन्सिलीची रेखाटणं कमी ठेवा: क्षितिजरेषा, सूर्याची जागा, पाच-सहा मुख्य खोडं, बर्फाचे दोन उंचवटे. सूर्य लहान काढा. आकाशात त्याचा व्यास साधारण अर्धा अंश असतो. तुमच्या चौकटीत ४० अंशांचं दृश्य सामावलंय असं धरलं तर १५ इंची कागदावर सूर्य अर्ध्या सेंटिमीटरहूनही किंचित कमी भरतो. रुपयाच्या नाण्याएवढा सूर्य काढला की भोवतालचं जंगल खेळण्यातलं होतं. तेज सूर्याच्या आकारातून येत नाही, भोवतालच्या टोनमधून येतं. सावळाराम हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं दिवा धरलेल्या स्त्रीचं चित्र आठवा. तेही जलरंगातलंच आहे. त्यातली ज्योत हाताआड आहे, आणि उजेड आपल्याला पटतो तो बोटांवर, चेहऱ्यावर आणि मागच्या काळोखात.

पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, संपूर्ण कागदावर, आकाश आणि बर्फ मिळून. दीड इंची फ्लॅट ब्रशनं कागद दोनदा ओला करा, मध्ये एक मिनिट थांबून. सूर्याचा ठिपका तेवढा कोरडा राहू द्या. कागदावर साचलेलं पाणी उतरून एकसारखी चकाकी आली की गॅम्बोज सूर्याभोवती, पण त्याला न टेकता. मग रोझ पिवळ्याच्या बाहेरच्या निम्म्या भागावरून घेत वर न्या, आणि डावीउजवीकडे कागदाच्या कडेपर्यंत. आता पाटी उलटी तिरपी करा, आकाशाची वरची कड खाली येईल अशी. अल्ट्रामरीन त्या कडेपासून सुरू करून रोझपर्यंत आणा आणि थांबा. पाटी उलटी असल्यामुळे निळा सूर्यापासून लांब वाहतो. सरळ पाटीवर तोच निळा ओघळून पिवळ्यात उतरला असता. मिनिटभरानं पाटी आडवी ठेवून खालचा अर्धा भाग घ्या. सूर्याच्या बरोबर खाली बर्फावर पीचचा अरुंद पट्टा, बाकी सगळीकडे अल्ट्रामरीनमध्ये थोडा रोझ घातलेला फिका जांभळा, खालच्या कडेला किंचित दाट. क्षितिजाशी आकाश आणि बर्फ एकमेकांत मिसळले तर मिसळू द्या, तिथे जंगल येणारच आहे.

हे सगळं तीन-चार मिनिटांत व्हायला हवं. ओल्या आकाशात परत परत ब्रश घालत बसलं की मातकटपणा येतो. नारिंगी आणि निळा एकमेकांना मारून राखाडी करतात. एकदाच भेटले तर तो राखाडी मोत्यासारखा दिसतो, दहादा ढवळला तर नाल्यासारखा. आणि वाळल्यावर जलरंग एक पायरी फिका होतो, तेव्हा ओला असताना आकाश थोडं भडक वाटलं पाहिजे.

लांबच्या जंगलाला हात घालायची वेळ नेमकी पकडावी लागते. कागद तिरपा धरून उजेडात बघा. चकाकी जाऊन रेशमासारखी मंद ओल राहिली की सुरू करा. चकाकी असताना झाडं केली तर ती पसरून ढग होतात. पूर्ण वाळल्यावर केली तर कडा धारदार होतात आणि लांबचं जंगल पुढे येतं. रंग बासुंदीसारखा, ब्रश कापडावर टिपून घेतलेला. सूर्याजवळची झाडं बर्न्ट सिएना आणि रोझची, लांब जाल तसा अल्ट्रामरीन वाढवत जा. एकेक झाड काढू नका. आठ-दहा नंबरच्या राउंड ब्रशच्या कडेनं खालून वर उभे ठोके द्या, उंची कमीजास्त, मध्ये एखादी फट. माथे टोकदार निघतात आणि बुंधे आपोआप बर्फात विरतात. मग बुंध्यांच्या ओळीवरून स्वच्छ, फक्त ओलसर फ्लॅट ब्रश एकदाच आडवा फिरवा. तिथे धुकं दिसतं आणि जंगल जमिनीवर बसतं.

आता पूर्ण वाळू द्या. बोटांची मागची बाजू कागदाला टेकवा; गार लागला तर आत ओल आहे. हवेप्रमाणे हिशेब बदलतो. नागपूर-पुण्याच्या उन्हाळ्यात चकाकी दोन-तीन मिनिटांत जाते, तेव्हा कागद मागूनही ओला करून प्लास्टिकच्या पाटीवर बसवावा. कोकणात पावसाळ्यात हाच कागद अर्धा तास ओला राहतो आणि लोक कंटाळून घाई करतात. हेअर ड्रायर चालेल, पण चकाकी गेल्यानंतर, हातभर लांबून. आधी लावला तर हवा रंगालाच ढकलते.

दुसरा टप्पा बर्फाचा, आणि चित्र इथेच जमतं किंवा बिघडतं. सावलीचं मिश्रण: चार भाग अल्ट्रामरीन, एक भाग रोझ, आणि बर्न्ट सिएनाचं ब्रशच्या टोकावर मावेल एवढंच बोट. सिएना जास्त झाला की निळ्याशी मिळून राखाडी होतो आणि बर्फ शहरातल्या रस्त्याकडेला साचलेला दिसतो. पेन्स ग्रे हा निळसर-काळा राखाडी किंवा काळा या मिश्रणात अजिबात नको. दाटी दुधासारखी. आधी उंचवट्यांच्या आपल्याकडच्या बाजू घ्या. वरची कड स्वच्छ, धारदार, तिच्यावर पहिल्या वॉशमधला पीचचा बारीक काठ राखलेला. खालची बाजू ओल्या ब्रशनं विरवून टाकायची. एक कड कडक आणि दुसरी मऊ, एवढ्यानंच गोलाई येते. दोन्ही कडा कडक झाल्या की बर्फाचे दगड होतात.

मग झाडांच्या सावल्या, आखलेल्या रेघांवरून. बुंध्यापाशी कड कडक, आणि सावली लांब जाते तशी मऊ. सूर्य हा ठिपका नसून तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड अंतराबरोबर पसरत जाते. उंचवट्यावर सावली चढते, खळग्यात उतरते. तिला तसं वाकवा. सरळ पट्टीनं ओढल्यासारखी सावली खालचा बर्फ सपाट करते, मग उंचवटे कितीही छान रंगवलेले असोत. रंगही एकसारखा नको. अगदी पुढे निळा जास्त, मागे सूर्याकडे जाताना रोझ वाढवत जांभळा. प्रत्येक सावली एकदाच, भरलेल्या ब्रशनं. वाळल्यावर टोन कमी वाटला तर दुसरा थर चालतो. तिसरा देऊ नका, तिसऱ्या थरात पारदर्शकपणा जातो आणि मळकटपणा इथूनच शिरतो.

बर्फाच्या निळ्या सावल्या बघून शिकायच्या असतील तर फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं १८६८-६९ च्या हिवाळ्यातलं ‘मॅगपाय’ बघा. पॅरिसच्या म्युझे दोर्से या संग्रहालयात आहे. माध्यम तैलरंग आणि वेळ सूर्यास्ताची नाही, पण तिथेही उजेड कुंपणापलीकडून येतो आणि सावल्या आपल्याकडे पडतात. १८६९ च्या सलोंनं, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनानं, ते चित्र नाकारलं होतं.

आता मधली आणि पुढची झाडं. गडद रंगासाठी अल्ट्रामरीन दोन भाग, बर्न्ट सिएना एक भाग, बासुंदीहून जरा दाट. हिरवा वेगळा लागत नाही; उजेड मागून आहे, स्प्रूसची पानं इथून काळसर निळीच दिसतात. फार तर त्या मिश्रणात गॅम्बोजचा एक थेंब. आणि एक सापळा: बर्चची खोडं. ती पांढरी असतात म्हणून पांढरी राखली जातात, पण सूर्य मागे असताना बर्चसुद्धा आकाशापुढे गडदच दिसतो. फांद्यांवरच्या बर्फाचंही तेच. आकाशासमोर तो निळा-राखाडी, टोन ५ चा, फक्त वरच्या काठाला उजेडाची बारीक रेघ. फांद्यांवर कोरा कागद सोडला की झाड ख्रिसमसच्या शुभेच्छापत्रावरचं होतं.

सूर्यावरून जाणारं खोड कसं काढायचं ते बारकाईनं सांगतो, कारण चिकटवल्यासारखं दिसण्याची तक्रार इथेच सुटते. प्रखर उजेड खोडाच्या कडा खातो. सूर्याच्या पट्ट्यात खोड बारीक, लालसर आणि फिकं होतं. वर आणि खाली परत जाड आणि गडद. सहा नंबरच्या राउंडमध्ये गडद मिश्रण भरा आणि शेंड्याकडून खाली या. सूर्याच्या दीड-दोन सेंटिमीटर वर थांबा. ब्रश झटकन धुवा, टिपा, बर्न्ट सिएनामध्ये थोडा गॅम्बोज घेऊन गडदाच्या ओल्या टोकाला जोडा आणि ब्रशचा दाब कमी करत सूर्याच्या पट्ट्यातून खाली उतरा. तबकडीच्या बरोबर समोर तर ब्रश उचललाच तरी चालेल, खोड तिथे तुटलेलं दिसलं तरी डोळा ते जोडून घेतो. पट्टा ओलांडला की परत गडद मिश्रण, परत ओल्याला ओलं जोडून, बुंध्यापर्यंत. तिन्ही रंग कागदावर आपापसात मिसळले पाहिजेत, म्हणून हे सगळं एका दमात. जोड वाळला तर खोडावर बांबूसारखी पेरं दिसतात. रद्दी कागदावर पाच-सहा खोडं करून हात बसवा आणि मगच चित्रावर या.

बाकीच्या खोडांनाही थोडीशी ही वागणूक द्या. सूर्याकडची बाजू ओली असतानाच तिथे सिएनाचा स्पर्श, दुसरी बाजू निळी. बुंधा बर्फात शिरतो तिथे सरळ आडवी रेघ नको. झाडाभोवती बर्फ खळग्यासारखा खचलेला असतो आणि पुढचा उंचवटा बुंध्याचा काही भाग झाकतो. शेवटचा सेंटिमीटर ओल्या ब्रशनं विरवून सावलीतच मिसळा, खोड आणि त्याची सावली एकाच ओल्या रंगात जोडलेली हवी. स्प्रूसच्या फांद्या शेंड्यापासून सुरू करा. ब्रश जवळजवळ कोरडा, आडवा धरून, ठोके मधून बाहेर आणि किंचित खाली. दोन्ही बाजू सारख्या होऊ देऊ नका आणि फटींतून मागचं आकाश दिसू द्या. बारीक काटक्यांसाठी रिगर, म्हणजे लांब केसांचा बारीक ब्रश, पण आठ-दहा काटक्या पुरेत.

मास्किंग फ्लुइडबद्दल, म्हणजे कागद कोरा राखायला लावायच्या आणि नंतर सोलून काढायच्या द्रवाबद्दल, नेहमी विचारलं जातं. या चित्रात त्याचं काम थोडं आहे: सूर्याचा ठिपका आणि पुढच्या एक-दोन फांद्यांचे उजळ काठ. लावायचंच तर जुना ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून घ्या, म्हणजे केस चिकटणार नाहीत. कागद ठणठणीत वाळलेला हवा. त्यावर गरम ड्रायर मारू नका आणि ते दोन-दोन दिवस राहूही देऊ नका, आपल्या उन्हाळ्यात ते कागदाला धरून बसतं आणि काढताना वरचा पापुद्रा निघतो. काढल्यावर उरणाऱ्या कडा फार धारदार असतात, ओल्या ब्रशनं एक बाजू मऊ करून घ्या.

जाडं मीठ टाकून बर्फाचा पोत आणायची युक्ती मला या विषयासाठी अनाठायी वाटते. ते ठिपके बर्फासारखे न दिसता मिठासारखेच दिसतात, आणि कागदात राहिलेलं मीठ दमट हवेत ओल ओढतं. टूथब्रशनं पांढरे शिंतोडे उडवण्याबद्दलही हात आवरा. सूर्य क्षितिजावर स्वच्छ दिसतोय म्हणजे तिथे आभाळ मोकळं आहे. मग एवढा बर्फ पडतोय कुठून? फांदीवरून भुरभुरणारा बर्फ दाखवायचा असेल तर एका झाडाजवळ, दहा-बारा ठिपके, बाकी चित्र कागदानं झाकून. गॉश टायटॅनियम व्हाइटचा घ्या. चायनीज व्हाइट म्हणजे झिंक, तो गडदावर वाळला की जवळजवळ नाहीसा होतो. फांद्यांवरच्या उजळ काठासाठी गॉशमध्ये गॅम्बोज आणि रोझचा अंश मिसळा. निव्वळ पांढरा या उजेडात परका वाटतो.

बिघडलेलं काही वाचवता येतं. आकाशात फुलकोबी उमटली असेल तर ती पूर्ण वाळू द्या, मग ओल्या मऊ ब्रशनं तिच्या कडा सैल करून टिश्यूनं टिपा, आणि उरलेल्या खुणेवर एखादा शेंडा येईल अशी झाडांची मांडणी बदला. सावली जास्त गडद झाली तर अल्ट्रामरीन उचलतो, ताठ केसांचा ओला ब्रश दोनदा फिरवून टिपला की पायरीभर उजळते. हिरवा पट्टा मात्र धुवायला जाऊ नका. पूर्ण वाळल्यावर त्यावर चहासारख्या रोझचा एकच वॉश द्या. लाल हिरव्याला मारतो आणि पट्टा उबदार राखाडी होतो. ढग म्हणून खपून जातो.

चित्र वाळल्यावर मोबाइलवर त्याचा काळा-पांढरा फोटो काढा आणि मूळ फोटोही तसाच करून शेजारी ठेवा. पुढचा बर्फ सूर्याजवळच्या आकाशापेक्षा उजळ दिसत असेल तर चित्र अजून संपलेलं नाही. खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर अल्ट्रामरीन-रोझचा पातळ वॉश द्या, आधीच्या सावल्यांवरून, मोठ्या ब्रशनं, एकदाच. फक्त सूर्याखालचा पीचचा पट्टा सोडा. हा वॉश टाकताना जीव धजत नाही, पण तो वाळत असतानाच वरचं आकाश पेटायला लागतं. टेप काढायची ती यानंतर, कागदाला गार लागणं थांबल्यावर, कडेपासून बाहेरच्या दिशेनं तिरपी ओढत.